पन्नासाव्या दिवसापर्यंत

कोपरी, ठाणे पूर्व
गुरुवार, ९ मे. स्वर्गारोहणाचा दिवस

रचना,

सलाम. तू माझा फोन नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून पत्र. स्पीड पोस्टाने पाठवते आहे, म्हणजे मिळालं नाही असं तुला म्हणता येणार नाही.

काम एकच आहे. पेंटेकॉस्टचं लाल वेदीवस्त्र तुझ्याकडे आहे. गेल्या वर्षी त्या रविवारी उपासनेनंतर मी ते धुवायला घरी आणलं होतं आणि आईच्या पलंगावर घडी करून ठेवलं होतं. दुपारी तू बॅग भरलीस तेव्हा तुझ्या कपड्यांबरोबर ते गेलं. मुद्दाम नेलंस असं मी म्हणत नाही. घाईत भरलीस. घाई मी करायला लावली होती, हेही मला ठाऊक आहे.

बाकी वर्षभर वेदीवर पांढरं, हिरवं, जांभळं वस्त्र असतं. पवित्र आत्मा आला त्या दिवशी लालच हवं. ते आईने स्वतः शिवलेलं आहे, दुसरं विकत आणायची माझी तयारी नाही. १९ तारखेला पेंटेकॉस्ट आहे, पन्नासावा दिवस. शनिवारपर्यंत मिळावं.

आज सकाळी सातला स्वर्गारोहणाची उपासना झाली. पाळकसाहेब धरून नऊ माणसं होती. त्यांनी मार्चमध्येच कमिटीत सुचवलं होतं की गुरुवारी कोणाला सुट्टी नसते, आपण रविवारी घेऊ. मी म्हटलं, पुनरुत्थानाच्या रविवारपासून चाळिसावा दिवस गुरुवारीच येतो. सुट्टी नव्हती तरी प्रभू गुरुवारीच गेला. ते हसले आणि गुरुवार राहिला.

तुमच्या शहाडच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये हा दिवस पाळत नाहीत, म्हणून लिहिते. सगळ्यांना त्याचं वर जाणं तेवढं आठवतं. मला खाली उरलेली माणसं आठवतात. मान वर करून उभी राहिली. पांढऱ्या कपड्यातल्या दोघांनी त्यांना विचारलं, वर काय बघत बसलात? मग ती शहरात परत गेली, माडीवरच्या खोलीत बसली आणि वाट बघू लागली. किती दिवस, ते कोणी सांगितलं नव्हतं. दहा दिवस लागले. आपल्याला तो आकडा ठाऊक असतो, म्हणून आपण वाट बघत नाही, नुसते दिवस मोजतो.

आई बरी आहे. शांत असते.

तू स्वतः यायची गरज नाही. तुझी रसिका रोज घोडबंदर रोडला ऑफिसला जाते, तिच्याबरोबर पाठव.

कांता


कोपरी
मंगळवार, १४ मे

रचना,

वेदीवस्त्र काल संध्याकाळी रसिकाने आणून दिलं. लेस तू पूर्ण नवी लावली आहेस. टाके बारीक आहेत. आईसारखे.

रसिका आजीजवळ अर्धा तास बसली. घरी जाऊन तिने तुला सांगितलंच असेल, तरी माझ्याकडूनही ऐक. बाहेर येऊन ती म्हणाली, "मावशी, आजी काहीच बोलत नाही? म्हणजे एकदम म्यूट?"

"म्यूट टीव्ही असतो," मी म्हटलं.

"अगं पण लास्ट इयर ती नॉनस्टॉप होती. मला चमचा म्हणायची. काहीही बोलायची, पण बोलायची ना."

"पक्षाघात झालेल्या माणसाचं असं होतं."

"मम्मी म्हणते, आजी बोलत होती, ऐकणारं कोणी राहिलं नाही."

हे वाक्य तुझं आहे हे मला लगेच कळलं. रसिकाला इतकं मोजून बोलता येत नाही. मी तिला सरबत दिलं आणि गाडीची वेळ सांगितली. जाताना तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तुझी मुलगी चांगली आहे. हे मी तिच्या तोंडावर म्हणणार नाही, म्हणून इथे लिहिलं.

आता मुद्द्याचं. पहिल्या पत्रात आई बरी आहे असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं.

तीन आठवडे झाले, आईने खाणं जवळजवळ सोडलं आहे. पेजेचे दोन-तीन चमचे घेते आणि ओठ मिटते. गिळण्याची तपासणी केली, त्यात दोष नाही. डॉ. देवयानी रविवारी घरी येऊन गेल्या. त्या म्हणाल्या, "वजन फार उतरलंय. नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. पुढच्या सोमवारी येते तेव्हा ठरवू. त्यापुढे मी थांबायला सांगणार नाही."

मी विचारलं, "नाही घातली तर?"

"मग थोडे आठवडे. पण बाई, आधी त्यांना विचारा. घातलेली नळी त्या उपटून काढणार असतील तर हात बांधावे लागतात. तसं करायचं की नाही, ते त्यांच्याकडूनच कळायला हवं."

मी विचारलं. अडचण ही आहे की आई सगळ्यालाच मान डोलावते. नळी घालू का म्हटलं, मान हलवली. नको का म्हटलं, तशीच हलवली. आज मंगळवार आहे का म्हटलं, हलवली. आज रविवार आहे का म्हटलं, तरी हलवली. डॉक्टर म्हणाल्या, पक्षाघातानंतर त्या मानेवर विसंबता येत नाही.

तुला कळावं म्हणून लिहिलं. ती तुझीही आई आहे. तुझं काही मत असेल तर लिहून कळव.

कांता


कोपरी
गुरुवार, १६ मे

रचना,

उत्तर आलं नाही. यायला हवं होतं असंही नाही. मी मत मागितलं, जसं कमिटीला मागतात तसं. पत्र टपालात टाकल्यावर ते मला पुन्हा वाचल्यासारखं आठवलं आणि लाज वाटली.

आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणं होणार नाही.

गेल्या वर्षी तू गेलीस त्यानंतर जूनमध्ये वाचा शिकवणाऱ्या एक बाई दोनदा येऊन गेल्या. त्यांनी चित्रांचा गठ्ठा दिला आणि सांगितलं, रोज सराव घ्या, वस्तू दाखवून नाव म्हणायला लावा, घाई करू नका. पहिली सूचना मी तंतोतंत पाळली. शेवटची पाळली नाही. एकतीस वर्षं चौथीचा वर्ग शिकवला, मला वाटलं हे काम माझ्याइतकं कोणाला येणार.

सकाळी दहा ते अकरा, दुपारी तीन ते चार. केळं दाखवलं की आई म्हणायची चप्पल. मी म्हणायची, चप्पल नाही, केळं. घड्याळ दाखवलं की म्हणायची, सून. मी म्हणायची, नीट बघ. पहिला आठवडा ती हसत होती. नंतर माझ्या तोंडाकडे बघून बोलायला लागली, वर्गातली भित्री मुलं बघतात तशी. ती नजर मला ओळखीची होती, रचना. ओळखीची होती तरी मी थांबले नाही.

जुलैतली एक दुपार. आईने पाण्याच्या ग्लासाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "छत्री." मी ग्लास भरून हातात घेतला आणि म्हटलं, "छत्री नाही. पाणी. पाणी म्हण, मग देते."

ती म्हणाली, "छत्री."

"पा-णी."

"छत्री, छत्री." मग तिने हात जोडले.

मी ग्लास दिला नाही. भिंतीवरचं घड्याळ माझ्यासमोरच होतं. तीन वाजायला दहा मिनिटं कमी असल्यापासून सव्वातीनपर्यंत. पंचवीस मिनिटं. शेवटी तिने हात खाली घेतले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हा मी ग्लास तिच्या ओठाला लावला. ती प्यायली. सगळं प्यायली.

त्या दिवसापासून तिने एक शब्द काढलेला नाही. बरोबर नाही, चुकीचाही नाही.

हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. पाळकसाहेबांना सांगितलं नाही. प्रार्थनेतसुद्धा सरळ सांगितलं नाही. माझ्या उणिवा, असा मोघम शब्द वापरला. चूक झाली असं तुला लिहिणार होते, तेही खोडलं. चूक नकळत होते. मी ग्लास हातात धरून घड्याळ बघत होते.

आता गेल्या वर्षीच्या त्या रविवारबद्दल. तुझ्या हॉलचे पास्टर आणि चार बायका आईच्या खोलीत आल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि आईच्या तोंडून शब्द वाहायला लागले. त्यांनी हालेलुया म्हटलं, आजीला पवित्र आत्म्याची अन्यभाषा मिळाली म्हटलं. मी दारातून म्हटलं, "ही अन्यभाषा नाही, ही मेंदूतली गुठळी आहे. पक्षाघाताचा तमाशा माझ्या घरात नको." तुझ्याबरोबरच्या बायकांना अडाणी म्हटलं. तुला म्हटलं, यांच्याबरोबर तूही नीघ. तू म्हणालीस, "ताई, तुला देवसुद्धा शुद्धलेखनाच्या वहीत पाहिजे." मला ते इतकं लागलं की वर्षभर मी तेवढंच लक्षात ठेवलं आणि बाकीचं सोडून दिलं.

बाकीचं हे. मी तोंड उघडायच्या आधी खोलीत पुरतं बघितलं होतं. आईचा हात तुझ्या गालावर होता आणि ती हसत होती. पक्षाघातानंतरच्या तीन महिन्यांत ती माझ्याकडे बघून तशी हसली नव्हती. ते बघून मी बोलले. गुठळी नंतर सुचली.

इतकी वर्षं मी मंडळीत पन्नासाव्या दिवसाचा पाठ वाचते आहे. वारा, अग्नीच्या जिभा, निरनिराळ्या देशांचे लोक, आणि शिष्य बोलले तेव्हा प्रत्येकाला आपापली बोली ऐकू आली. त्याच गर्दीत काहींना मात्र नुसती बडबड ऐकू आली आणि ते म्हणाले, हे लोक प्यायलेत. त्या शिष्यांतल्या पेत्राला सांगावं लागलं की बाबांनो, अजून सकाळचे नऊ वाजलेत. या जागी आमच्याकडे नेहमी थोडा हशा पिकतो. मीही हसत आले. बोलणारे तेच होते, शब्दही तेच होते. फरक ऐकणाऱ्यात होता. मी त्या गर्दीत कोणत्या बाजूला उभी राहिले असते याची मला आयुष्यभर खात्री होती.

मी अजूनही ती अन्यभाषा होती असं मानत नाही. सीटी स्कॅन कपाटात आहे, येऊन बघ. पण तू तिला ऐकत होतीस आणि मी तपासत होते.

सोमवारी डॉक्टर येतील. त्याआधी कोणीतरी आईला विचारायला हवं आणि तिचं उत्तर ऐकायला हवं. मला ती सांगणार नाही. सांगितलं तर मला कळणार नाही. तू ये.

हे पत्र टपालाने वेळेत पोचणार नाही. मी उद्या सकाळी रसिकाच्या ऑफिसच्या दाराशी जाऊन तिच्या हातात देईन.

कांता


कोपरी
शनिवार, १८ मे

रचना,

तुझी चार ओळींची चिठ्ठी रसिकाने आज सकाळी आणून दिली; संध्याकाळी परतताना ती हे पत्र नेईल. तू लिहिलंस की रविवारी तुमची उपासना दुपारी एकला संपते, तीनपर्यंत येशील. एकटी येणार नाहीस. त्या दिवशी ज्यांना मी घालवलं त्यातल्या दोघी बरोबर येतील, आणि त्या जशी प्रार्थना करतात तशीच करतील. त्या नाहीत तर तू नाहीस. आईबद्दल एक अक्षर नाही. पाण्याच्या ग्लासाबद्दलही नाही. त्यावर तू काही लिहिलं नाहीस ते बरं केलंस. लिहायला कमी नव्हतं हे मला ठाऊक आहे.

मी आधी दुसऱ्या कागदावर उत्तर लिहिलं होतं. त्यात चार अटी होत्या. आवाज बेताचा ठेवावा, डफली आणू नये, डोक्यावर जोराने हात ठेवू नये, अर्ध्या तासात आटपावं. वाचून बघितलं तर शाळेच्या सहलीच्या सूचना वाटल्या. तो कागद फाडला.

त्यांना घेऊन ये. डफली आणली तरी चालेल. शेजारच्या रघुभाऊंना मी आधीच सांगून ठेवलं आहे की उद्या दुपारी आमच्याकडे आवाज होईल. ते म्हणाले, "तुमच्याकडे? बाई, तुमच्याकडे कुकरची शिट्टीसुद्धा परवानगी घेऊन वाजते."

संदेशरावांनाही आण. आईचे जावई आहेत ते. त्यांची दारू तुमच्या हॉलमध्ये सुटली, हे मी आजवर कोणापुढे कबूल केलेलं नाही. त्याआधी ते सहा वर्षं आमच्या मंडळीत येत होते आणि आम्ही त्यांना मागच्या बाकावर जागा दाखवत होतो. वास येतो म्हणून. जागा दाखवायला मीच उभी असायची.

आज दुपारी वेदीवस्त्र अंथरून आले. पाळकसाहेब तिथे भेटले. उद्याचा पाठ ते दरवर्षीप्रमाणे निरनिराळ्या भाषांत वाचून घेणार आहेत: मराठी, तमिळ, मल्याळम, आणि सिंधी कॉलनीतल्या एक नर्सबाई सिंधीत वाचतात. दरवर्षी मी त्यांचा क्रम लावते आणि प्रत्येकीला दोन मिनिटं देते. या वर्षी त्यांना सगळ्यांनी एकदम वाचायला हवं आहे. मला भीत भीत म्हणाले, "कांताबाई, थोडा गोंधळ होईल."

मी म्हटलं, "त्या दिवशीही झाला होता."

मला बरं नाही असं त्यांना वाटलं असावं.

आईला मी सांगितलं आहे की रचना येणार. तिने मान हलवली. तुला ठाऊक आहे, त्यावरून काही कळत नाही.

दार उघडं असेल.

कांता


कोपरी
मंगळवार, २१ मे

रचना,

रविवारी तू पलंगापाशी होतीस आणि मी दारात. दारातून काय दिसलं ते तुला ठाऊक नाही. शिवाय तू गेल्यावर काल काय झालं, तेही कळायला हवं.

त्या दोघींतल्या थोरल्या बाई आत येताना मला म्हणाल्या, "सलाम, मॅडम." मी त्यांना अडाणी म्हटलं होतं त्याच या बाई. मी खुर्ची पुढे केली, त्या जमिनीवर बसल्या. मग त्यांनी इतक्या हळू प्रार्थना केली की मला ऐकू येईना. वर्षभर मी ज्या आवाजाचा राग धरला होता तो आवाज त्यांनी केलाच नाही. का, ते विचारण्याची मला हिंमत झाली नाही. माझ्यासाठी केला नाही असं त्या म्हणाल्या असत्या तर मी काय केलं असतं?

तू तासभर नळीचं नावच काढलं नाहीस. शहाडच्या बाजारात सुकट कशी महाग झाली, रसिकाला कोणतं स्थळ आलं आणि तिने कसं नाकारलं, संदेशरावांच्या गुडघ्याचं दुखणं. मी घड्याळ बघत होते. मला वाटलं, ही आली कशाला. मग आई म्हणाली, "मांजर."

दहा महिन्यांनी आईचा आवाज. मी चौकटीला धरलं.

तू इकडे बघितलंही नाहीस. म्हणालीस, "हो ना, मीपण तिला तेच म्हटलं." आणि आई बोलायला लागली. मध्येच तिने दाराकडे बघून "फूटपट्टी" म्हटलं तेव्हा संदेशराव तोंडावर रुमाल धरून हसले. तू म्हणालीस, "ताई, तुला बोलावतेय. तू फूटपट्टी. मी कढई. गेल्या वर्षीपासून." मी आत आले. माझं हे नाव वर्षभर घरात होतं आणि मला ठाऊक नव्हतं. नाव बरोबर आहे.

मग तू तिचा हात धरून विचारलंस, "आई, नाकातून नळी घालायची म्हणतात. अन्न त्यातून जाईल. घालू द्यायची का?"

मी वही घेऊन बसले होते. उत्तर लिहून घ्यायचं ठरवलं होतं. वहीत आहे: दरवाजा, तिकीट, बुधवार, वांगी, बुधवार. तू डोळे पुसून म्हणालीस, "नको म्हणते."

"कशावरून?" मी विचारलं. मला विचारावंच लागलं. तिच्या जिवाचा प्रश्न होता.

"ताई, तू ऐकलंस ना?"

"मी शब्द ऐकले."

"मग वही ठेव खाली," तू म्हणालीस. "मी परत विचारते. वेगळं विचारते."

तू विचारलंस, नळी घातली तर अजून बरेच दिवस आमच्याजवळ राहशील, राहायचं का? तिने काहीतरी भलतंच म्हटलं, दिवा वगैरे. तिसऱ्यांदा विचारलंस, आम्ही नळी घातली नाही तर तू आमच्यावर रागावशील का? तेव्हा मी वही बाजूला ठेवली होती. आणि मला ऐकू आलं. शब्द नाहीत. सूर. शिवणाच्या मशीनवर बसलेली असताना आपण तिच्या ताटात आणखी भाकरी वाढायला जायचो आणि ती मान वर न करता हात ताटावर आडवा धरून बोलायची, तो सूर. झालं माझं पोरींनो, तुम्ही घ्या. त्यात राग कधीच नसायचा.

तुला तो पहिल्यापासून ऐकू येत होता. मला तिसऱ्या खेपेला आला. मी वर मान करून तुझ्याकडे बघितलं तेव्हा मी काही बोलले नाही, तू मला काही विचारलं नाहीस. आता लिहिते: मला ऐकू आलं.

काल मतदान होतं. डॉक्टर बोटाला शाई लावून अकराला आल्या. मी म्हटलं, "नळी घालायची नाही."

"कोणी ठरवलं?"

"आईने."

"त्या बोलल्या?"

"बोलल्या. माझ्या बहिणीशी आणि माझ्याशी."

"काय म्हणाल्या? त्यांचेच शब्द सांगा."

"शब्द वेगळे होते," मी म्हटलं. "बोलणं हेच होतं. तीनदा विचारलं."

मला वाटतं, हे वाक्य दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्यांनी मानलं नसतं. मग त्या स्वतः आईपाशी बसल्या, तिच्याशी बोलल्या, आणि बाहेर येऊन कागदावर लिहिलं: तोंडाने जे आणि जेवढं घेतील तेवढंच द्यावं, दुखू नये याची काळजी घ्यावी, दवाखान्यात हलवू नये. मी खाली सही केली. तुझ्या सहीसाठी जागा सोडली आहे. उद्या बुधवारी ये आणि कर. त्या म्हणाल्या, तीन आठवडे, फार तर चार.

त्यानंतर मी स्वयंपाकघरात गेले आणि ओटा पुसला. पुसलेलाच होता. माझी सही वाकडी आली आहे, तू बघशीलच. एकतीस वर्षांत मी कोणत्याही कागदावर अशी सही केली नव्हती. मी बरोबर केलं का, हे तुला विचारत नाही. विचारलं तर तू हो म्हणशील आणि मला ते पुरणार नाही.

या आठवड्यांची वाटणी करू. सकाळी मी, दुपारी तू, असं मी लिहिणार होते. तू तुला जमेल तशी ये आणि हवं तितकं राहा. तुझा पलंग आईच्या खोलीतच लावला आहे.

आणखी एक. आज सकाळी आई माझ्याशी बोलली. मी तिचे केस विंचरत होते. तू काल माझा नंबर पुन्हा सुरू केलास, तरी हे तुला फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. ते शब्द मला तोंडाने म्हणता येईनात. रसिका आता येईल, तिच्या हाती हे देते. जसं ऐकलं तसं लिहिते, काही दुरुस्त केलेलं नाही: "फूटपट्टी, ते पावट्याचं पोस्ट नेसलं का, का परवाच्या पायरीला हिरवं हिरवं गाडी?"

लिहून काढल्यावर वाचून बघितलं. कागदावर त्यात काहीच उरत नाही. पण शेवटी सूर वर गेला होता आणि ती माझ्याकडे बघत थांबली होती. ती मला काहीतरी विचारत होती, एवढं नक्की.

मी हो म्हणाले. ती हसली आणि डोळे मिटून पडली.

कशाला हो म्हणाले, ते उद्या येऊन सांग. म्हणजे करायला घेते.

तुझी ताई